विरार ते लोअर परळ, लाटेवरून

एक कोडं घालतो. भर समुद्रातली शर्यत आहे. प्रत्येकाने एकट्याने वल्हवायचं. अंतर जवळजवळ ५२ किलोमीटर. रांगेत विशी-पंचविशीतले तगडे गडी आहेत, आणि त्यांच्यातच एक ४९ वर्षांचा काका. सांगा, पहिला कोण येईल?

काका आला. थापा मारत नाही! साल २०१२, ठिकाण हवाई बेटं, आणि काकाचं नाव ऑस्कर चालुप्स्की. माणूस दक्षिण आफ्रिकेचा. हीच शर्यत तो पहिल्यांदा जिंकला १९८३ मध्ये, तेव्हा विशीत होता. २०१२ ची जीत त्याची बारावी. विशीत जिंकला ते कळतं, दंडात जोर असतो. पण पन्नाशीला टेकल्यावर त्याने आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांना कसं मागे टाकलं? हे कोडं सोडवायचं तर आधी त्याची होडी बघावी लागेल, मग वारा, मग लाट. आणि मध्येच थोडं विरार लोकलमध्येही बसावं लागेल.

या होडीला म्हणतात सर्फस्की. लांबी साधारण सहा मीटर. एक दोरी घ्या, अंगणात सहा मीटर मोजा आणि बघा केवढी होते ती. आता त्याच दोरीच्या मधोमध आडवे ४५ सेंटिमीटर मोजा. झाली रुंदी! तुम्ही त्यात बसलात तर दोन्ही बाजूंना जेमतेम हाताचा पंजा मावेल. वजन दहा ते पंधरा किलो, कारण ती कार्बन फायबर नाहीतर फायबरग्लासची असते आणि आतून पोकळ, पण चारी बाजूंनी बंद. खेळाडू होडीच्या पोटात शिरत नाही; वरच्या खोलगट जागेत बसतो, पाय लांब करून. पायांपाशी दोन पायटे असतात, ते दाबले की मागचं सुकाणू वळतं. म्हणजे हात वल्ह्याला मोकळे.

आणि गंमत अशी, की होडीला मुद्दाम भोक पाडलेलं असतं! टाचांजवळ. लाट अंगावर आली की ती खोलगट जागा पाण्याने भरते. डबा घेऊन उपसत बसायला वेळ कुणाला? मग ते भोक कामाला येतं. होडी वेगात असली की तिच्या पोटाखालचं पाणी सुसाट मागे पळत असतं. भोकाच्या खास आकारामुळे तिथे दाब कमी होतो आणि वरचं पाणी आपोआप खाली खेचलं जातं. वेग थांबला की उपसणंही थांबतं. थोडक्यात, थांबलात की ओले बसा.

इतकी निमुळती होडी कलंडत नाही का? कलंडते की! नवशिक्या तर पाच मिनिटांत तीनदा पाण्यात. आपल्या कोकणातल्या लहान होड्यांना बाजूला उलांडी लावतात, म्हणजे तोल राहतो. सर्फस्कीला तसलं काही नाही. म्हणून पहिला धडा वल्हवण्याचा नसतोच. पाण्यात पडल्यावर होडीवर परत कसं चढायचं, हा पहिला धडा. आणि दुसरा, होडीची दोरी पायाला बांधायची. कारण तुम्ही पडलात आणि वारा असला, तर दहा-बारा किलोची होडी तुमची वाट बघत थांबत नाही, वाऱ्याबरोबर निघून जाते. मग तुम्ही कितीही चांगले पोहणारे असा, ती हाती लागत नाही.

ही होडी आली कुठून? ऑस्ट्रेलियातून. १९१२ च्या सुमारास तिथल्या पोर्ट मॅक्वारी गावाजवळ मॅक्लॅरेन नावाचे दोन भाऊ होते. एका तलावात त्यांच्या घरची कालवांची शेती होती. कालवं म्हणजे आपल्याकडे खडकावरून फोडून आणतात तीच. ती बघत हिंडायला त्यांनी एक पोकळ लाकडी फळी केली, तिच्यावर बसायचे आणि दोन हातांत दोन छोटी वल्ही धरून पाणी मारायचे. मग काय, कालवं बाजूला राहिली आणि भाऊ ती फळी घेऊन समुद्राच्या लाटांत! पुढे १९३३ मध्ये सिडनीजवळच्या मॅनलीतल्या क्रॅकनथॉर्प नावाच्या डॉक्टरांनी अशा होडीचं पेटंट मागितलं. तिथल्या किनाऱ्यांवर बुडणाऱ्यांना वाचवणारे जीवरक्षक ती वापरू लागले. जीवरक्षक म्हणजे तरणीताठी मुलं. दोन होड्या आणि दोन तरणी मुलं एकत्र आली की शर्यत लागणारच, ती कुणी शोधून काढावी लागत नाही.

आता बसा लोकलमध्ये. या शर्यती किती लांबीच्या असतात ते विरारहून मोजू. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ.

ऑस्ट्रेलियात पर्थजवळ रॉटनेस्ट बेटावरून सोरेंटोच्या किनाऱ्यापर्यंत एक शर्यत होते, २७ किलोमीटर. विरारहून बोरिवली. दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ स्कॉटबर्ग ते ब्रायटन ही १९५८ पासूनची, फार जुनी शर्यत. सुमारे ४६ किलोमीटर, म्हणजे विरारहून निघून वांद्रे आलं की उतरायचं. ऑस्करकाका जिंकला ती हवाईची मोलोकाई शर्यत १९७६ पासूनची. मोलोकाई बेटावरून निघायचं आणि ओआहू बेटावर पोचायचं. विरार ते लोअर परळ. पहिले येणारे साधारण साडेतीन-चार तास घेतात. आणि दक्षिण आफ्रिकेतलीच पोर्ट एलिझाबेथ ते ईस्ट लंडन ही चार दिवसांची, २४० किलोमीटरच्या आसपास, १९७२ पासूनची. तिला विरार पुरत नाही. डहाणूहून चर्चगेटला जा आणि परत या, तेवढी. लोकलमध्ये चौथी सीट मिळाली म्हणून आपण कुरकुरतो. हे लोक एवढ्या जागेत चार दिवस बसतात!

बरं, त्या पर्थच्या शर्यतीचं नाव काय असेल? 'द डॉक्टर'. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे आहेत ना? दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून गार हवा येते. ते खारे वारे. पर्थला उन्हाळ्यात जीव नकोसा होतो आणि दुपारी हे खारे वारे आले की सगळ्यांना बरं वाटतं, म्हणून त्यांना तिथे डॉक्टर म्हणतात. हा डॉक्टर खेळाडूंच्या पाठीमागून येतो आणि त्यांना ढकलत किनाऱ्याला आणतो. वारा भरपूर असला तर पहिले वीर पावणेदोन तासांच्या आतसुद्धा पोचतात. गणित करा. ताशी १५-१६ किलोमीटर तरी पडतात. पण शांत पाण्यात, लांब पल्ल्याला, उत्तम खेळाडूही ताशी १२-१३ च्या पुढे फारसा जात नाही. मग वरचे तीन-चार किलोमीटर कुणी दिले? नुसता वारा पाठीला लागून एवढं होत नाही. ते लाटेने दिले.

इथे एक भानगड आहे. लाट पुढे येताना दिसते, म्हणून आपल्याला वाटतं पाणीच पुढे येतंय. नाही! नारळी पौर्णिमेला समुद्राला वाहिलेला नारळ आठवा. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे तो असला, तर लाट आली की वर जातो, थोडा पुढे सरकतो, लाट गेली की खाली येतो, थोडा मागे येतो. जवळजवळ तिथल्या तिथेच. खोल समुद्रात लाट जाते तेव्हा पाणी जागच्या जागी गोल फिरतं, आणि पुढे जाते ती फक्त ऊर्जा. म्हणजे सर्फस्कीवाला नुसता बसून राहिला तर त्याचाही नारळ होईल.

तसं होऊ नये म्हणून तो काय करतो, ते अगदी जवळून बघा. मागून लाट येते. होडीची शेपटी उचलली जाते आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली झुकतं. पुढे एक खळगा दिसतो. आता! तीन, चार, पाच सपाटून वल्ही. पायांनी पाटा दाबायचा, कमरेतून वळायचं, वल्हं पाण्यात पूर्ण बुडवून खेचायचं. होडीचा वेग लाटेच्या वेगाला भिडतो आणि होडी लाटेच्या उतारावरून घसरू लागते. घसरगुंडीवर खाली पोचलं की मजा संपते, इथे संपत नाही, कारण घसरगुंडी स्वतःच पुढे पळतेय. वल्हवणं जवळजवळ थांबतं. दम घ्यायचा. आणि हे चालू असतानाच डोळे पुढचा खळगा शोधत असतात. समोरच्या लाटेच्या पाठीवर नाळ आदळणार असं दिसलं, तर तिच्यावर चढायला जायचं नाही. पायट्याने सुकाणू जरा वळवायचं आणि डावीकडे-उजवीकडे जिथे पाणी खाली गेलंय तिथून पुढच्या लाटेवर जायचं. मग पुन्हा तीन-चार वल्ही. असं शेकडो वेळा.

नवशिक्याला वाटतं, जितकं जास्त वल्हवू तितकं लवकर पोचू. तो लाटेवर चढतो, धापा टाकतो, तोवर लाट खालून निघून जाते. अनुभवी माणूस चुकीच्या वेळी वल्हं मारतच नाही. ऑस्करकाकाचं कोडं आता अर्धं सुटलं की नाही? चाळिशीनंतर दंडाचा जोर उतरतो, पण पाणी वाचणारा डोळा वर्षागणिक तयार होत जातो, आणि या खेळात अर्धं काम त्या डोळ्याचं.

उरलेलं अर्धं वाट निवडण्याचं. मोलोकाई आणि ओआहूच्या मध्ये जी सामुद्रधुनी आहे, तिला काईवी म्हणतात. सगळ्यात खोल जागी ती ७०० मीटरच्या आसपास आहे. प्रवाह आडवेतिडवे. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली आणि तिच्यावरून निघालो, तर प्रवाह भलतीकडे नेऊन सोडतो. म्हणून कुणी थोडं उत्तरेकडून जातं, कुणी दक्षिणेकडून, आणि मग लाटांमुळे एकमेकांना दिसतही नाहीत. आपण पहिले आहोत की दहावे, हे तासन् तास कळत नाही! सोबतीला प्रत्येकाची एक मोटरबोट असते, तीच काय ती ओळखीची. ऑस्ट्रेलियाचा डीन गार्डिनर हा ऑस्करचा जुना प्रतिस्पर्धी. तो ही शर्यत नऊ वेळा जिंकला. काकाच्या बारा आणि याच्या नऊ, म्हणजे एकवीस विजय दोघांतच वाटून घेतले. बाकीच्यांनी काय करायचं, सांगा!

बाकीच्यांसाठी पुढे आणखी मोठं मैदान झालं. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय कॅनू महासंघाने समुद्रातल्या या शर्यतींचीही विश्वविजेतेपद स्पर्धा सुरू केली. पहिली पोर्तुगालमध्ये. पुरुषांत दक्षिण आफ्रिकेचा शॉन राइस जिंकला, बायकांत न्यूझीलंडची टेनील हॅटन. २०१७ ला हाँगकाँगमध्ये ऑस्ट्रेलियाचा कोरी हिल आणि दक्षिण आफ्रिकेची हेली निक्सन. बघा, नावं फिरून फिरून दक्षिण गोलार्धातच जातात. तिथे किनाऱ्यावर जीवरक्षकांचे क्लब आहेत, पोरं लहानपणापासून लाटांत असतात. वारा तर आहेच.

आता ज्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते, तो उत्तर गोलार्धातला आहे. अमेरिकेचा ग्रेग बार्टन. जन्मला तेव्हा त्याची दोन्ही पावलं आत वळलेली होती. लहानपणी शस्त्रक्रिया झाल्या. आता आठवा, मघाशी मी काय सांगितलं? पायांनी पाटा दाबायचा. म्हणजे वल्हवण्याचा जोर पायातून येतो. अशा पायांचा हा मुलगा १९८८ च्या सोल ऑलिंपिकला १००० मीटर कयाक शर्यतीत उतरला. कयाक म्हणजे सर्फस्कीच्याच जातीची होडी. शेवटी तो आणि ऑस्ट्रेलियाचा ग्रँट डेव्हिस, नाळेला नाळ लावून. फलकावर आधी डेव्हिसचं नाव पहिलं झळकलं. मग शर्यत संपतानाचा फोटो तपासला. बार्टन पुढे होता. किती? ०.००५ सेकंदाने! पापणी मिटायला साधारण ०.१ सेकंद तरी लागतो, त्याचा विसावा भाग. एवढ्यावर थांबेल तर तो बार्टन कसला. दीड तासाने दुसऱ्या एका खेळाडूबरोबर दोघांच्या कयाकमध्ये बसला आणि आणखी एक सुवर्ण घेऊन आला. पुढे हाच बार्टन आणि आपला ऑस्करकाका मिळून होड्या बनवायच्या धंद्यात पडले. जगात आज पुष्कळ जण त्यांनी घडवलेल्या सर्फस्कीवर बसतात.

"हे सगळं तिकडचं. आपलं कोणी?" असं तुमच्यापैकी निदान एकाने तरी विचारलंच असणार.

आहेत ना! काईवी सामुद्रधुनी आठवते? होडीने चार तास लागतात तिथे, ती आपल्या दोन मुलांनी पोहून पार केली आहे. पुण्याचा रोहन मोरे आणि नवी मुंबईचा प्रभात कोळी. जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहण्याचं एक आव्हान आहे, काईवी त्यातलीच एक. ही सातही पार करणारा रोहन पहिला आशियाई, २०१८ मध्ये. प्रभातने २०२३ मध्ये सातवी पार केली तेव्हा तो हे करणारा जगातला सगळ्यात लहान वयाचा माणूस ठरला. काईवी पोहायला अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो, मध्ये अख्खी रात्र येते, डंख मारणारे जेलीफिश असतात, आणि होडीला हात लावलात की बाद. सर्फस्कीवाले निदान बसलेले तरी असतात!

वल्हवणाऱ्यांत मुंबईचा कौस्तुभ खाडे. आधी तो एकट्याने मुंबईहून गोव्याला गेला, आणि मग थेट द्वारकेहून कन्याकुमारीपर्यंत, सुमारे ३००० किलोमीटर. त्याची होडी सर्फस्की नव्हे, समुद्री कयाक होती, म्हणजे जरा रुंद आणि पोटात सामान ठेवायला जागा असलेली. शांजली शाही त्याच्याबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवरून गेली. द्वारकेहून खाली येताना आपला पालघरचा किनारा वाटेतच. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात इथे दुपारी वारा बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला निघालेल्याच्या पाठीवर. डहाणूहून अर्नाळ्याकडे वल्हवत येणाऱ्याला डॉक्टर फुकटात मिळतो.

पण वसईचा समुद्र हवाईसारखा नाही, बरं का. तिकडे किनारा सोडला की लगेच खोल. आपल्याकडे लांबवर उथळ आणि गढूळ. तिकडे भरती-ओहोटीतला फरक एक मीटरसुद्धा नसतो. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं. उत्तरेला खंबातचं आखात निमुळतं होत गेलंय आणि समोर उथळ समुद्राचा रुंद पट्टा आहे, म्हणून भरतीचं पाणी इथे चढत जातं. अर्नाळा बेटावर कुणी गेलं असेल तर त्याला हे सांगायला नको. ओहोटी असली की होडी पार काठाला लागत नाही, मग चपला हातात आणि गुडघाभर पाण्यातून चालणं. वसईच्या खाडीत पाणजू बेटापाशी ओहोटीचं पाणी असं धावतं की त्याच्या उलट वल्हवणारा घाम गाळूनही तिथेच राहील. इथला नावाडी ऑस्करसारखाच, पाण्याशी भांडत नाही. वेळ बघून निघतो.

त्याहून भारी आहे डोल. अर्नाळ्याचे, पाचूबंदरचे कोळी डोल लावतात तेव्हा जाळं घेऊन माशांच्या मागे धावत नाहीत. पिशवीच्या आकाराचं लांबलचक जाळं, तोंड रुंद, शेपूट निमुळतं. ते समुद्रात पक्कं बांधून प्रवाहाकडे तोंड करून ठेवायचं. भरती किंवा ओहोटीचं पाणी जोराने वाहतं आणि बोंबील, जवळा, कोळंबी आपणहून जाळ्यात आणून भरतं. पाणी थांबायच्या सुमारास जाऊन शेपूट सोडायचं, मासळी होडीत. इंधन फक्त जायला-यायला. मासे ओढायचं काम समुद्र करतो! मला विचाराल तर मोलोकाईची शर्यत जिंकणं आणि डोल नेमक्या वेळी लावणं, दोन्हींना एकच अक्कल लागते. फरक इतकाच की एकाला त्याचं पदक मिळतं आणि दुसऱ्याला बोंबील.

तुम्हालाही पाणी वाचून बघायचं असेल तर एक प्रयोग देतो. पाण्यात शिरायचं नाही, आणि घरचं मोठं कुणीतरी बरोबर हवं. राजोडी किंवा कळंबच्या किनाऱ्यावर दुपारी चारच्या सुमारास वाळूवर बसा. लांबवर, लाटा फुटतात त्याच्या पलीकडे, नांगरलेली एखादी होडी किंवा तरंगणारा बोया शोधा. ते वर गेलं की घड्याळ सुरू करा आणि दहा वेळा वर येईपर्यंत सेकंद मोजा. दहाने भागा. हा झाला लाटेचा काळ. त्याला ५.६ ने गुणलं की खोल पाण्यात त्या लाटेचा वेग मिळतो, ताशी किलोमीटरमध्ये. ३ सेकंद आले? वेग सुमारे १७. ही लाट सर्फस्कीवाल्याला चार-पाच वल्ह्यांत पकडता येते. ४ आले? २२. चांगला खेळाडू पकडेल. १० आले, तर ती लांबून, कुठल्या तरी वादळाकडून आलेली लाट. वेग ५६! तिच्यामागे कुणी लागत नाही. ती खालून निघून जाते आणि तिच्या पाठीवरच्या छोट्या लाटा तेवढ्या कामाला येतात.

एक मेख आहे. हा गुणाकार खोल पाण्यालाच लागू. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की लाटेचे पाय जमिनीला लागतात आणि तिचा वेग फक्त खोलीवर ठरतो. दोन मीटर पाण्यात ताशी १६ च्या आसपास, एक मीटर पाण्यात ११. पुढची लाट अशी रेंगाळते, मागची तिच्यावर येते, उंची वाढते आणि धपाककन फुटते. राजोडीला तर समुद्र बराच लांबपर्यंत उथळ, म्हणजे तिथून मोजलेला काळ बरोबर येईल पण वेग चुकेल. खरा आकडा हवा असेल तर तो खोल पाण्याचाच. तुमच्या वर्गात कुणाच्या बाबांची बोट असेल, तर पुढच्या फेरीला त्यांना मोजून आणायला सांगा. दहा लाटा, सेकंदांत. आणि आल्यावर त्यांना हेही विचारा, की त्या दिवशी वारा कुठून होता.